काकू, आता फोन करू नका

मागच्या वर्षीची ज्येष्ठातली वद्य षष्ठी होती आणि सकाळचे दहा वाजून गेले होते. मी दुकानात बसून चॅटबॉटला विचारलं, "आज काय काय आहे?" तो म्हणाला, "आज एकही नेमणूक नाही. आपला दिवस मोकळा आहे." मला बरं वाटलं. मी चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"लिमये, साठे बोलतेय, कर्वेनगरहून. स्वयंपाक झालाय. गुरुजी कुठपर्यंत आलेत?"

"कुठले गुरुजी, काकू?"

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"आज यांचं श्राद्ध आहे," काकू म्हणाल्या. "दरवर्षी मी तुम्हाला आधी फोन करते. यंदा तुम्हीच सांगितलंत, काकू, आता फोन करू नका, सगळं आपोआप होईल."

मी घाईघाईने कॅलेंडर उघडलं. साठेकाकांचं श्राद्ध तिथे होतं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, गुरुजीही बरोबर. फक्त ते दहा-अकरा दिवसांनी होतं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण मी ते वाचून दाखवलं.

"हे हयात असताना कधी वेळेवर जेवायला आले नाहीत," काकू म्हणाल्या. "आता तुमचं मशीनही त्यांनाच सामील झालं म्हणायचं."

घोळ कसा झाला ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. शनिवार पेठेत एक पूजासाहित्याचं दुकान आहे. दुकान माझं नाही. गल्ल्याशेजारी एक टेबल आहे, टेबलावर फोन आहे आणि फोनच्या मागे मी आहे. कोणाला सत्यनारायण घालायचा असतो, कोणाची वास्तुशांत असते, कोणाचं श्राद्ध. त्यांना गुरुजी हवे असतात आणि गुरुजींना कामं. मी दोघांची गाठ घालून देतो. आयुष्यभर एवढंच केलं. लोकांना वाटतं, मला सगळे मंत्र पाठ असणार. खरं म्हणजे मी आरतीसुद्धा टाळ्यांच्या आवाजात दडून म्हणतो.

पण जुळवाजुळव मला येते. कुठल्या गुरुजींना जिने चढवत नाहीत, कुठल्या घरात कुत्रा मोकळा असतो, कोणाला प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत समजावून हवा असतो आणि कोण पहिल्या मंत्रापासूनच घड्याळ बघतं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आणि ठेवावी लागते तिथी. श्राद्ध तारखेने करत नाहीत, माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला करतात. तिथी चंद्राच्या हिशेबाने चालते. त्यामुळे इंग्रजी तारखेच्या मानाने ती दरवर्षी थोडी अलीकडे येते आणि अधिक मास आला की एकदम लांब पुढे जाऊन बसते.

हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी चॅटबॉटला आदल्या वर्षीच्या सगळ्या नेमणुका तारखांसकट दिल्या आणि म्हटलं, हे दरवर्षी लाव. तिथीचं नाव काढायचं सुचलंच नाही. आमच्या धंद्यात ते कोणी काढत नाही, तिथीने चालायचं हे गृहीतच असतं. त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याने पुण्यातले सगळे पितर इंग्रजी तारखांना बांधून टाकले.

दामले गुरुजी त्या सकाळी पेठेतच एक अभिषेक आटोपून बसले होते. त्यांना विनवलं.

"कर्वेनगर? तिसरा मजला? लिफ्ट?"

"नाही."

"चढतो. पण लिमये, माझे गुडघे वर राहिले तर खाली आणायला तुम्ही यायचं."

श्राद्ध दुपारचं असतं, म्हणून वेळ साधली. त्यानंतर मी संध्याकाळपर्यंत बसून बाकीची श्राद्धं तपासली आणि एकेक पितर आपापल्या तिथीला परत नेऊन बसवला.

हा चॅटबॉट माझ्या टेबलावर आणला मंजिरीने. मंजिरी म्हणजे माझी बायको. ती शाळेत गणित शिकवते आणि शाळेचं वेळापत्रक लावायला तो वापरते. घरी येऊन मी हा प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी अर्धं वाक्य बोलता. त्याला सगळं सांगावं लागतं."

"तुझ्याशीही मी अर्धंच बोलतो की."

"मला सवय झालीये," ती म्हणाली.

ज्यांनी हे प्रकरण अजून वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नुसता चॅटबॉट म्हणजे खोलीत कोंडलेला विद्वान. विचाराल ते सांगेल, पण आज वार कोणता हेही त्याला खिडकीतून बघता येत नाही. प्लगइन म्हणजे त्या खोलीला एकेक दार काढून देणं. एक दार आपल्या कॅलेंडरकडे उघडतं, एक मेलकडे, एक नकाशाकडे, एक मेसेजकडे. मी पहिल्याच दिवशी हौसेने सगळी दारं सताड उघडली. तसं करू नये. आधी एक दार उघडावं, तो आत-बाहेर कसा करतो ते बघावं, मग दुसरं. आणि काहीही पाठवायच्या आधी 'मला दाखव' म्हणून बजावून ठेवावं. हे शहाणपण मला नंतर आलं, आणि तेही पुरतं आलं नाही, ते पुढे कळेलच.

नकाशाच्या दाराची एक गंमत सांगतो. गणेश चतुर्थीच्या सकाळी एकेका गुरुजींना घरामागून घरं करायची असतात. पूर्वी मी हे कागदावर मांडायचो आणि आदल्या दिवसापासून माझं डोकं दुखायचं. पहिल्या वर्षी, म्हणजे साठेकाकूंच्या घोळाच्याही आधी, मी ते काम चॅटबॉटला दिलं. त्याने क्षणात असा सुरेख क्रम लावून दिला की मला माझ्या सगळ्या डोकेदुख्यांची लाज वाटली. प्रत्यक्षात दुसऱ्या घरापासूनच सगळे गुरुजी मागे पडत गेले. दुपारी एका घरातला गणपती अजून पाटावर ताटकळत बसला होता आणि त्या घरचे आजोबा मला फोनवर विचारत होते, "आम्ही थांबू हो. पण याला दहाच दिवस सुट्टी आहे, तेवढं गुरुजींना सांगा."

चूक शोधायला मंजिरी बसली. तिने क्रम पाहिला आणि विचारलं, "यात चहा कुठे धरलाय?" पुण्यातला कुठलाही गुरुजी कुठल्याही घरून चहा न घेता सुटत नाही, आणि चहाबरोबर निदान एका नातेवाइकाची पत्रिका येते. चॅटबॉटने पूजा धरली होती, रस्ता धरला होता, रहदारीसुद्धा धरली होती. पुढच्या वर्षी आम्ही त्याला चहा सांगितला आणि चतुर्थी अशी सरळ पार पडली की दुकानाच्या मालकांनी मला विचारलं, यंदा कामं कमी आली का?

मेलच्या दाराने आलेलं एक गिऱ्हाईकही लक्षात आहे. संगणक कंपनीतला मुलगा, नवं घर, वास्तुशांत करायची होती. त्याने मेलमध्ये लिहिलं होतं, दोन मीटिंगांच्या मध्ये बसवता येईल का, काही भाग गाळता येतील का. चॅटबॉटने तत्परतेने एक आटोपशीर वास्तुशांत तयार करून दिली. ती मी दामले गुरुजींना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "माझी हरकत नाही. अग्नीला तेवढं कळवा, लवकर पेट म्हणून." मुलाला मी स्वतः फोन केला. तो ओशाळला आणि त्याने दिवसभराची रजा टाकली. पूजेनंतर त्याने मला पेढे आणून दिले. तो बहुधा माझा शेवटचा खरा फोन असावा.

कारण त्यानंतर सगळं सुरळीत झालं. चॅटबॉटला मी पंचांग दिलं, तिथ्या दिल्या, आणि शंका आली तर मनाने ठरवू नकोस, मला विचार, असं सांगितलं. यंदा ज्येष्ठ अधिक आला, म्हणजे ज्येष्ठ महिने दोन झाले, तेव्हा त्याने आपणहून विचारलं, "दोन ज्येष्ठ दिसत आहेत. श्राद्ध कुठल्या ज्येष्ठात धरू?" दुसऱ्या, म्हणजे निज ज्येष्ठात धर, असं मी सांगितलं, आणि पोरगं पहिल्यांदा सायकल चालवताना बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिलो.

गिऱ्हाइकांना आता तिथीच्या आधी आपोआप मेसेज जातो. ते अंगठा पाठवतात. गुरुजींना पत्ता जातो, तेही अंगठा पाठवतात. दामले गुरुजी जोडलेले हात पाठवतात, त्यांना अंगठा सापडत नाही.

आणि फोन वाजत नाही.

आधी मला वाटलं, फोन बिघडला. उचलून पाहिला, ठीक होता. मी टेबलाशी बसून राहायला लागलो. लोक फोनवर काय बोलायचे ते आठवायला लागलो. खरं तर गुरुजी हवेत हे सांगायला अर्धं मिनिट पुरायचं. उरलेला वेळ काय चालायचं? सुनेला दिवस गेलेत, म्हणून यंदा ऋषिपंचमीला भाज्या कोण निवडणार. मुंजीचा मुलगा केस कापू देत नाहीये, गुरुजी त्याला समजावतील का. एक बाई होत्या, त्या दर सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा बिघडल्याचं सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तरी तुम्ही या." मी कधी गेलो नाही. आता जावंसं वाटतं. मला या शहरातल्या कितीतरी घरांचे आतले आवाज ओळखीचे होते. कुकरची शिटी ऐकून मी सांगितलं असतं, बाई कुठून बोलताहेत. हे सगळं म्हणजे कामातला व्यत्यय आहे अशी मी वर्षानुवर्षं तक्रार केली. मंजिरीने तो व्यत्यय काढून दिला.

सगळ्यांत जास्त आठवायचा तो साठेकाकूंचा फोन. साठेकाका एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे. मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते गेल्यावर काकू दरवर्षी ज्येष्ठ लागायच्या सुमारास फोन करायच्या. "लिमये, तिथी कधी येतेय बघा हो." त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत, दोन्हींवर तिथ्या छापलेल्या. तरी मी पंचांग उघडायचो, पानं वाजवायचो आणि तिथी सांगायचो. मग त्या काकांची एक गोष्ट सांगायच्या. वर्षाला एकच, आणि कधी तीच नाही. काका फक्त न्हाणीघरात शीळ वाजवायचे आणि नळ बंद केला की शीळही बंद. काकांनी फ्रीज घ्यायच्या आधी स्वयंपाकघराचा मापाबरहुकूम आराखडा काढला होता, आणि फ्रीज आल्यावर त्याचं दार अर्धंच उघडत होतं. मग ते म्हणाले होते, "अर्ध्यात मावेल एवढंच ठेवू." अशा गोष्टी. एका न पाहिलेल्या माणसाशी माझी वर्षाकाठी एक भेट व्हायची. मागच्या वर्षी घोळाच्या पायी ती हुकली, आणि घोळानंतर काकूंना गोष्ट विचारायचं मला तोंड नव्हतं.

यंदा त्यांना मेसेज वेळेवर गेला, बरोबर तिथीचा. आठवड्याच्या शेवटी चॅटबॉट मला सगळ्याचा गोषवारा देतो. त्यात एक ओळ होती: एक नियमित नेमणूक कमी झाली. उघडून पाहिलं. काकूंनी उत्तर लिहिलं होतं, "यापुढे नको." त्याखाली आमचं उत्तर गेलेलं होतं. ते मला न दाखवता गेलं होतं, कारण साध्या उत्तरांना परवानगी मागू नकोस असं मीच कधीतरी कंटाळून सांगून ठेवलं होतं.

दुपारी दुकान बंद असतं तेवढ्या वेळात मी कर्वेनगरला गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दामले गुरुजींबद्दलचा माझा आदर वाढला होता. काकूंनी दार उघडलं.

"या. रस्ता मशीनने दाखवला?"

"नाही काकू, विचारत विचारत आलो. ते 'यापुढे नको' म्हणून लिहिलंत…"

"लिहिलं. लगेच उत्तरही आलं. आपली नोंद रद्द करण्यात आली आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद." काकू खुर्चीत बसल्या. "यांना जाऊन इतकी वर्षं झाली, लिमये. पण रद्द कोणी केलं नव्हतं."

त्यांनी पाणी दिलं ते मी सगळं प्यायलो आणि भांडं हातातच धरून बसलो.

"तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "जेवायला माणूस राहिलेलं नाही. आधी भाऊजी यायचे, तेच श्राद्ध करायचे. ते गेल्यावर मी करायला लागले, गुरुजींनी कधी हरकत घेतली नाही. पण जाऊबाई मुलाकडे गेल्या, समोरच्यांनी घर विकलं. मागच्या वर्षी गुरुजी जेवले आणि मी जेवले. एवढे वडे, एवढी खीर. यांना ते चाललं नसतं. यांना पानावर एकट्याने बसताच यायचं नाही. सुट्टीच्या दिवशी घरात कोणी नसलं तर गॅलरीत उभे राहायचे आणि खालून जाईल त्याला वर बोलवायचे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला जेवायला बसवला. त्याने अळूची भाजी तीनदा मागून घेतली आणि आकडा न घेताच गेला. पुढल्या महिन्यात बिल अंदाजाने आलं. यांना कौतुक, म्हणे, पोट भरल्यावर कोण आकडे बघतो?"

त्या हसल्या. ही यंदाची गोष्ट, हे माझ्या लक्षात आलं.

"काकू, यंदा आम्ही दोघं येऊ का जेवायला? मी आणि मंजिरी."

"श्राद्धाला? तुम्ही आमचे कोण?"

"कोणी नाही."

"गोत्र तरी एक आहे का?"

"नाही. पण मीटरवाल्याचं कुठे होतं?"

काकूंनी माझ्या हातातलं रिकामं भांडं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "तिखट कमी खाता की बेताचं?"

उठताना मी धीर केला. "मागच्या वर्षीची राहिलीय."

"काय राहिलीय?"

"गोष्ट."

त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. "लग्नानंतरचा पहिला आषाढ. मी माहेरी वाईला निघाले, हे स्वारगेटला पोचवायला आले. पिशवी ठेवायला म्हणून गाडीत चढले आणि गाडी सुटली. हे बसून राहिले. मला वाटलं, उतरायचं भान राहिलं नाही. विचारलं, तर म्हणाले, खिडकीची काच नीट बसते का ते बघतोय. शिरवळपर्यंत काच बघत होते. तिथे उतरले, मला चिक्की घेऊन दिली आणि रस्ता ओलांडून परतीच्या गाडीला उभे राहिले. मी मागे वळून बघत होते, तर हात वगैरे काही केला नाही. काच लाव, अशी खूण केली." काकूंनी ती खूण करून दाखवली, दोन बोटांनी, वरून खाली.

परत येऊन मी चॅटबॉटला बरंच काही सांगितलं. साठेकाकूंची नोंद पुन्हा लावून घेतली. आणखी काही नावं दिली, एकटी राहणारी माणसं, ज्यांचे आवाज मला आठवत होते. यांना मेसेज पाठवायचा नाही. दोन आठवडे आधी मला आठवण करून द्यायची, बाकी माझ्याकडे. तो म्हणाला, "समजलं. या लोकांना आपण स्वतः फोन कराल." मग त्याने विचारलं, फोनवर काय बोलायचं याचे मुद्दे काढून देऊ का? मी नको म्हटलं. प्लगइनचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही. तो माझं काम करतो आणि माझा वेळ मला परत देतो, आणि त्या वेळात मी तेच काम पुन्हा हाताने करतो.

सगळ्यांना ते आवडतं असं नाही. एका गृहस्थांनी माझा आवाज ऐकताच विचारलं, "काय चुकलं?" दुसरे म्हणाले, "मेसेज टाका ना, त्यासाठी फोन कशाला?" शिरा बिघडवणाऱ्या बाईंचा नंबर लागत नाही. पूर्वीचं टेबल काही परत येत नाही. आता फोन वाजत नाही, मी वाजवतो, आणि त्या दोन्हींत फरक आहे.

मंजिरीला सांगितल्यावर ती आधी म्हणाली, "श्राद्धाला आपणहून जेवायला जाणारे पुण्यात तुम्ही पहिलेच." पण तिने शाळेतून अर्धी रजा घेतली. दुपारी दामले गुरुजींनी विधी सांगितला, काकूंनी केला. मग आम्ही तिघं पानावर बसलो. काकू वाढत होत्या. भोपळ्याची भाजी, गवार, कारलं, वडे, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर. मंजिरीच्या आग्रहाखातर शेवटी त्याही पान घेऊन बसल्या. मीटरवाल्याची गोष्ट मंजिरीसाठी पुन्हा सांगून झाली, आणि गुरुजी हसताना त्यांना ठसका लागला. कोणी डोळे पुसले नाहीत. निघताना काकूंनी मंजिरीच्या हातात उरलेले वडे दिले आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तिथी कधी येते बघून ठेवा."

"मी फोन करतो," मी म्हटलं.

"तुम्ही नको. मी करीन."

स्कूटरवर मंजिरी मागे बसली होती, वड्यांचा डबा धरून. कर्वे रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी मघापासून मोजतेय. तुमच्याबद्दल दरवर्षी एक नवीन गोष्ट कोणाला सांगायची झाली, तर माझ्याकडे जेमतेम चार वर्षांपुरत्या आहेत. जरा काहीतरी करून ठेवा."